गोठ्यातली कुंदा

सोमवारी गवंडी येणार होता. त्याच्या आत काय तो निकाल लावायचा, असं डोरीन मिलबर्नने ठरवलं होतं. डोरीनने एकदा ठरवलं की तिचा भाऊ ॲलेक आधी नाही म्हणायचा, मग कुरकुरायचा आणि शेवटी गाडीची किल्ली शोधायला लागायचा. गुरुवारी सकाळीही तेच झालं.

"तुझं मनगट बरं झाल्यावर तूच जा गाडी घेऊन," तो म्हणाला.

"मनगट बरं व्हायला महिना आहे. गवंडी सोमवारी येतोय."

"मेंढ्यांचे खूर बघायचेत मला आज."

"मेंढ्यांचे खूर उद्याही मेंढ्यांच्याच पायांना असतील. ऊठ."

प्रश्न होता गोठ्यातल्या एका दगडाचा. मिलबर्नांचं शेत इंग्लंडच्या उत्तर टोकाला, रोमनांच्या जुन्या सीमाभिंतीपासून सहा मैलांवर. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या खापरपणजोबाने गोठा बांधला तेव्हा त्या भागातल्या सगळ्यांनी केलं तेच केलं, आयते घडवलेले दगड पडक्या रोमन बांधकामातून बैलगाडीने ओढून आणले. त्यातला एक मागच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर बसला होता. त्याच्यावर अक्षरं होती. वरची ओळ झिजलेली, खालची फुटलेली, पण मधली ठसठशीत. डोरीनच्या आईने ती 'कुंदा' अशी वाचली आणि तेव्हापासून तो दगड कुंदाच झाला. घमेलं कुंदाजवळ ठेव, तांबडी गाय कुंदाच्या बाजूला बांध, असं घरात बोललं जायचं. कुंदा कोण, हे कुणी कधी विचारलं नाही.

विचारलं ते डोरीनने, आणि तेही चौऱ्याहत्तराव्या वर्षी. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं शेकडो पोरांना जेवू घालून निवृत्त झाल्यावर ती ॲलेकच्या शेतावर परत राहायला आली होती. सप्टेंबरात चर्चच्या पत्रकात त्या भिंतीलगतच्या रोमन किल्ल्यावरच्या संग्रहालयाचा एक फोटो छापून आला. अर्धवट थडग्याचा दगड, डावी बाजू शाबूत, उजवी गायब. काठाने पिळलेल्या दोरीसारखी नक्षी. डोरीनने तो फोटो हातात घेऊन गोठ्यात जाऊन पाहिलं. कुंदाच्या काठालाही तोच पीळ होता.

मग तिने वॉलपेपरची उरलेली गुंडाळी काढली, दगडावर पसरली आणि डाव्या हाताने काळा मेणखडू घासून दोन दिवसांत त्याची छाप उमटवली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. फुटलेला काठ तिने कात्रीने वळणावळणाने, अगदी दगडाला धरून कापला. ॲलेक दारातून बघत होता. त्या रात्री ताटातलं अर्धं तसंच ठेवून तो उठला.

त्याची अडचण तिला ठाऊक होती, किंवा तसं तिला वाटत होतं. ॲलेकची मुलगी जोॲन लीड्सहून दोन लेकरं घेऊन वसंतात कायमची परत येणार होती. तिच्यासाठी गोठ्याचं घर होत होतं. सोमवारपासून गवंडी भिंतींना आतून गिलावा करणार आणि कुंदा कायमची आत गडप होणार. उद्या संग्रहालयवाल्यांना दगडाचा वास लागला, त्यांनी काम थांबवलं, तर जोॲन राहणार कुठे?

"एक अट," गाडी रस्त्याला लागल्यावर ॲलेक म्हणाला. "दगड कुठे आहे ते सांगायचं नाही. मी म्हणेपर्यंत."

"नाही सांगणार."

"शपथ?"

"मी नाही सांगणार म्हटलं की नाही सांगणार. माहीत आहे तुला."

त्याला माहीत होतं.

गाडी खाली रस्त्यालगत लावायची आणि अर्धा मैल चढून वर जायचं. ऑक्टोबरचा वारा डोंगरावरून सरळ अंगावर येत होता. डोरीन काठी टेकत, काखेत कागदाची गुंडाळी दाबून चढत होती. वाऱ्याने गुंडाळीचं टोक सारखं सुटत होतं आणि ती ते हनुवटीने दाबून धरत होती.

"दे इकडे," ॲलेक म्हणाला.

"नको. तू वाऱ्यावर सोडशील."

"सोडली असती तर आत्तापर्यंत स्कॉटलंडला पोचली असती," असं म्हणून त्याने ती काढून घेतलीच आणि कोटाच्या आत छातीशी धरली.

सहा मैलांवर राहून ॲलेक सत्तर वर्षांत इथे एकदाही आला नव्हता. वर पोचल्यावर तो किल्ल्याकडे न बघता किल्ल्यात चरणाऱ्या मेंढ्यांकडे बघत राहिला. "पाठीला मांस नाही," तो म्हणाला.

संग्रहालय म्हणजे किल्ल्याच्या कडेला एक बसकी दगडी इमारत, आत तीन खोल्या. फोटोतला दगड शेवटच्या खोलीत उभा होता, पुढे जाड दोरी लावलेली. डोरीन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. फोटोत तो लहान वाटला होता, इथे तो तिच्या खांद्यापर्यंत येत होता. मधल्या ओळीत चार रोमन अक्षरं होती, वाचायची तर 'व्हेरे'. खाली पाटी होती: 'स्त्रीच्या थडग्याचा दगड. नाव बहुधा व्हेरा. उरलेला भाग हरवलेला आहे.'

तिने ॲलेकच्या कोटातून गुंडाळी ओढून काढली, उलगडली आणि दोरीवरून पुढे वाकली.

"बाई, दोरीच्या आत नाही जायचं," मागून आवाज आला. तिथला राखणदार होता, पन्नाशीचा, छातीवर नावाची पट्टी, रॉबी.

"मी आत नाही गेलेय. माझे हात गेलेत."

"हातही नकोत."

"हा कागद आहे. कागदाने दगडाचं काय होणार?"

"काही होणार नाही. पण आज तुमचा कागद, उद्या शाळेच्या पोरांच्या चिकट बोटांचा कागद. मला सगळ्यांना एकच सांगावं लागतं."

डोरीन मागे सरली आणि तिथूनच हात लांब करून, एक डोळा मिटून कागदाचा काठ दगडाच्या काठाशी जुळतो का ते बघायला लागली. कागद कधी वर, कधी खाली.

"जुळला का?" ॲलेकने विचारलं.

"तू हलू नकोस."

"मी कुठे हलतोय? हलतेयस तू."

रॉबी जवळ आला. त्याने कागदाकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग पुन्हा कागदाकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा राखणदार थोडा बाजूला झाला. "हा पीळ," तो म्हणाला. "हे कुठून आणलंत?"

"मॅडम कुणी असतील ना इथे? शिकलेल्या?" डोरीनने उलट विचारलं.

"डॉक्टर फेनविक. गोदामात गेल्यात, दोनला येतील."

पावणेबारा झाले होते. ॲलेकने घड्याळ बघितलं आणि बहिणीकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

"मी इथेच थांबते. तू जा, आणि संध्याकाळी मला न्यायला ये."

"सव्वादोन तास त्या दगडाकडे बघत बसणार?"

"चार तास बसेन."

तो गेला नाही. दोघं किल्ला बघायला बाहेर पडले, म्हणजे डोरीन बघायला निघाली आणि तो मागून हात खिशात घालून चालायला लागला. कोठारात जमिनीखाली आखूड दगडी खांबांच्या रांगा होत्या, धान्याला ओल लागू नये म्हणून. तिथे मात्र तो थबकला. वाकून खांबांमधलं अंतर त्याने वितीने मोजलं. "हवा खेळती ठेवलीय खालून," तो म्हणाला. "अडाणी नव्हते." पुढे सैनिकांचे सामायिक संडास होते. लांबलचक चर आणि त्याच्यावर एका रांगेत बसायची सोय. पाटीवर चित्र काढलं होतं.

"सोळा जण," ॲलेकने चित्रातली डोकी मोजली. "शेजारी शेजारी. गप्पा मारत."

"तुझ्यासारखा असेल तर नुसता कुरकुरत."

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. वाऱ्याच्या आडोशाला बाक बघून त्यांनी चीज आणि लोणच्याची सँडविचं खाल्ली, थर्मासमधला चहा घेतला. डोरीनने जोॲनचा विषय काढला. काम थांबलंच तर जोॲन आणि पोरं माझ्या खोलीत राहतील, मी बैठकीत झोपेन, असं ती म्हणाली. ॲलेकने मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो सँडविचची कड तोडून तोडून गवतात टाकत होता.

"नेमकं काय खुपतंय तुला?" तिने विचारलं.

"काही नाही."

"ॲलेक."

"काही नाही म्हटलं ना."

डॉक्टर फेनविक दोनला पाच कमी असताना आल्या. चाळिशीची उंच बाई, पायात चिखलाचे बूट. रॉबीने त्यांना आधीच सांगितलं असावं, कारण त्या कोटही न काढता थेट शेवटच्या खोलीत आल्या. त्यांनी डोरीनचं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं, छाप टेबलावर पसरून भिंगातून पाहिली आणि मग रॉबीला दोरी काढायला सांगितली.

"एक टोक तुम्ही धरा, मिस मिलबर्न," त्या म्हणाल्या. "हळू."

दोघींनी कागद दगडाच्या फुटक्या काठाला आणला. वरचा कोपरा बसला. मग कागद जसजसा खाली येत गेला तसतसा काठाचा प्रत्येक खाचखळगा दुसऱ्यात शिरत गेला. पहिल्या ओळीत एक 'एम' मधोमध तुटला होता. त्याची डावी तंगडी दगडावर होती, उजवी कागदावर, आणि दोन्ही एकमेकींना येऊन मिळाल्या. ॲलेक दारापाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"व्हेरे," तो सावकाश म्हणाला. "कुंदा."

"व्हेरेकुंदा," डॉक्टर फेनविक म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "आम्ही चाळीस वर्षं हिला व्हेरा म्हणतोय."

डोरीनचे डोळे भरून आले. तिला ते पुसता येईनात, एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसऱ्यात कागद. तिने ते तसेच वाहू दिले.

"तिसऱ्या ओळीत वय आहे," डॉक्टर फेनविक खाली वाकून म्हणाल्या. "जगली, अमुक वर्षं. तुमच्या दगडावर दहाचा रोमन आकडा, ही फुली, दिसतोय. त्याच्यापुढे आणखी आकडे होते, पण तो कोपराच फुटलाय. त्यामुळे अकरा वर्षांची पोर की एकोणीस वर्षांची बाई, हे नाही सांगता येत." त्यांनी बोट कागदाच्या खालच्या कडेवर ठेवलं. "इथली कड झिजलेली नाही, धारदार उमटलीय, फूट ताजी दिसतेय. म्हणजे रोमन काळातली नाही, अलीकडची. कोपरा कुठे असेल काही कल्पना? आणि दगड आहे कुठे?"

डोरीनने कागदाचं टोक हळूच सोडलं. "ते माझा भाऊ सांगेल," ती म्हणाली आणि वळली.

दारात कुणी नव्हतं.

"येईल तो," ती म्हणाली. "मला दहा मिनिटं द्या."

तो पूर्वेच्या वेशीत सापडला. तिथे उंबरठ्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या होत्या. ॲलेक एका चाकोरीत बूट ठेवून डोंगराकडे तोंड करून उभा होता. डोरीन काठी टेकत त्याच्याशेजारी आली. वाऱ्यात मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून ती अगदी जवळ उभी राहिली.

"मी सांगितलं नाही त्यांना."

"माहीत आहे."

"जोॲनचं काय ते आपण बघू. त्या बाईला आपण सरळ विचारू, काम थांबवणार का म्हणून. नाही पटलं तर घरी जाऊ. पण पळून जायचं नाही, ॲलेक. पळायचं वय नाही आपलं."

"जोॲनचं नाही ते."

"मग कशाचं?"

"कोपरा मी फोडला," तो म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो. बाबांनी सांगितलं होतं, तांबड्या गाईसाठी भिंतीत कडी ठोक, दगडांच्या सांध्यात ठोक. सांध्यात ती बसेना. म्हणून मी कुंदाच्या कोपऱ्यावर छिन्नी लावली. चांगला रुंद होता म्हणून. दुसऱ्या घावाला हातभर तुकडा निघून आला."

"बाबा म्हणाले होते गाईने लाथ मारली."

"मीच सांगितलं तसं. आणि गाईला मार बसला." त्याने टोपी खाली ओढली. "त्या तुकड्यावर रेघा होत्या. उभ्या. मला वाटलं नुसत्या रेघा आहेत. आता ती बाई म्हणते ते तिचं वय होतं."

डोरीनने मनात हिशेब केला. एकसष्ट वर्षं. एवढा काळ हा माणूस रोज दोनदा त्या दगडासमोरून चारा घेऊन गेला. ती छाप उमटवत होती तेव्हा तो दारात का उभा होता, ते तिला आत्ता कळलं. तिला राग आला, पण तो मुख्यतः गाईच्या वतीने होता, आणि गाय मरून साठ वर्षं झाली होती.

"तुकडा कुठे टाकलास?"

"गडग्यात. वरच्या माळाभोवतीचा दगडांचा गडगा तेव्हा ढासळला होता, बाबा आणि मी तो रचत होतो. दोन थरांमधल्या भरतीला घातला आत, कुणाला दिसू नये म्हणून."

"कुठल्या ठिकाणी?"

"वरचा माळ म्हणजे पाऊण मैल गडगा आहे, डोरीन. नऊ वर्षांचा होतो मी."

"म्हणजे तो अजून तिथेच आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला बहुतेक दुसरं काहीतरी ऐकायची भीती होती. "असणार," तो म्हणाला. "गडग्यातला दगड कुठे जाणार?"

"मग चल. आधी हे सांगून टाकू."

"छिन्नीचंही?"

"तुझ्या मनात असेल तर सांग. मी त्यातलं काही बोलणार नाही."

दोघं परत आत गेले. ॲलेक टेबलासमोर उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा, आणि त्याने सगळं सांगितलं. शेताचं नाव, गोठा, भिंत, कडी, छिन्नी. काही वगळलं नाही. रॉबीने मध्येच तोंडावर हात धरला, पण हसला नाही. डॉक्टर फेनविकनी लिहून घेणं थांबवलं आणि शेवटपर्यंत नुसतं ऐकलं.

"आता माझं ऐका," ॲलेक म्हणाला. "सोमवारी गवंडी येतोय. माझी मुलगी आणि नातवंडं त्या घरात राहणार आहेत, आणि ते काम मी एक दिवसही थांबवणार नाही. दगड हवा असेल तर रविवारपर्यंत तो भिंतीतून काढायचा. काढणार मी. भिंत माझी आहे, कुठला दगड कशावर बसलाय ते मला माहीत आहे. तुम्ही उभ्या राहा आणि कसा धरायचा ते सांगा."

"काम थांबवायचं माझ्या हातात नाही, आणि माझ्या मनातही नाही," त्या म्हणाल्या. "दगड तुमचा आहे. तुम्ही दिलात तरच आम्ही घेऊ. पण मला भिंतीचे फोटो काढायचेत, तो जागेवर असताना. शनिवारी सकाळी आठला आले तर?"

"सातला या. आठला मेंढ्या आहेत."

शनिवारी त्या सातला पाच मिनिटं कमी असताना आल्या, रॉबीला घेऊन. आदल्या दिवशी ॲलेकने भिंतीला दोन टेकू लावून ठेवले होते. फोटो झाले, मापं झाली. मग त्याने चुना खरवडायला सुरुवात केली आणि मधूनमधून डॉक्टर फेनविक सांगायच्या तिथे थांबत, दुपारी दीडपर्यंत तो खरवडतच राहिला. त्या दिवशी मेंढ्यांकडे डोरीन गेली, एका हाताने चाऱ्याची पोती ओढत. ती परतली तेव्हा कुंदा गादीवर आडवी होती आणि भिंतीत तिच्या आकाराचं भोक होतं. ॲलेक त्या भोकासमोर बसून चहा पीत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"जड होती," तो म्हणाला.

गवंड्याने सोमवारी भोक बुजवलं. जोॲन मार्चमध्ये आली. एप्रिलमध्ये संग्रहालयात दोन्ही दगड एका चौथऱ्यावर शेजारी शेजारी उभे केले गेले, मध्ये बोटभर फट ठेवून, आणि मिलबर्नांचं सगळं घर बघायला गेलं. पाटी बदलली होती. नाव पूर्ण झालं होतं. वयापुढे लिहिलं होतं: दहाहून अधिक, कोपरा सापडलेला नाही. तो कसा फुटला याबद्दल पाटीवर काही नव्हतं. ॲलेकने पाटी दोनदा वाचली आणि डॉक्टर फेनविककडे बघून टोपीला हात लावला.

गडग्याचं काम त्यांनी त्याआधीच, नोव्हेंबरात डोरीनचं प्लास्टर निघाल्याच्या आठवड्यात, काढलं होतं. दर रविवारी, जेवण झाल्यावर. ॲलेक पाच-सहा हात गडगा उतरवतो, आतली भरती डोरीनपुढे ओततो. ती स्टुलावर बसून एकेक दगड उलटते, ब्रशने घासते, बोटाने चाचपते आणि बाजूला ठेवते. मग तो गडगा पुन्हा रचतो, पहिल्यापेक्षा चांगला. मेंढ्या लांब उभ्या राहून बघतात. पाऊण मैलातला शंभर-सव्वाशे यार्ड गडगा झालाय. आत्तापर्यंत घोड्याचे दोन नाल, एक तुटकी चिलीम आणि त्यांच्या बाबांचा हरवलेला हातोडा सापडलाय.

"या चालीने किती वर्षं लागतील, हिशेब काढलास का कधी?" परवाच्या रविवारी ॲलेकने पाठ सरळ करत विचारलं.

"काढला," डोरीन म्हणाली. "पुढची ओत."